बोरघाटाची सहल आणि कष्टकऱ्यांची सुटी



पावसाळ्यात सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीन पुणे स्टेशनावरून सुटते, तेव्हा फलाटावर दोन तऱ्हेचे प्रवासी उभे असतात. एकांच्या हातात जेवणाचा डबा, बगलेत वर्तमानपत्र आणि खिशात महिन्याचा पास. ते मुंबईला पोटापाण्यासाठी निघालेले असतात आणि खंडाळ्याचा घाट लागेपर्यंत त्यांच्यातील निम्म्यांचा डोळा लागलेला असतो. दुसरे घाटासाठीच निघालेले असतात. त्यांच्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून या गाडीला काचेच्या छताचा एक डबा जोडला जातो. त्याच वर्षी २६ जूनला असा डबा डेक्कन एक्स्प्रेसला लागला होता आणि २०२२ मध्ये प्रगती एक्स्प्रेसलाही लागला. विस्टाडोम असे त्याचे नाव. आत ४४ आसने, खिडक्या गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत काचेच्या, आसने खिडकीच्या दिशेने वळवता येणारी. दरीतले ढग, कड्यावरून रुळांलगत कोसळणारे धबधबे, बोगद्याच्या तोंडाशी एकाएकी मिटणारा आणि पुन्हा उघडणारा उजेड हे सारे तिथून विनासायास पाहता येते. तिकीट मात्र त्याच गाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट.

या डब्याविषयी चळवळीतल्या कार्यकर्त्यांत सामान्यतः दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, लोकलच्या दारात माणसे लोंबकळत असताना घाटाच्या शोभेची चर्चा करणे ही सुखवस्तूंची चैन आहे आणि कष्टकऱ्यांच्या चळवळीने तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. दुसरे असे की, ज्याला परवडते तो पाहील, रेल्वेला चार पैसे मिळतील, त्यात वाईट काय? पहिले मत कडवे वाटते आणि दुसरे समंजस. वस्तुतः दोन्ही मतांच्या बुडाशी एकच समजूत आहे. ती अशी की डोंगर पाहणे ही गरिबाची गरजच नव्हे.

ही समजूत चळवळीच्या इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडा केला आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळवली. त्या मागणीमागे केवळ थकल्या अंगाला विसावा मिळावा एवढाच विचार नव्हता. देवाला जावे, समाजाच्या कामाला वेळ द्यावा, माणूस म्हणून एक दिवस स्वतःचा असावा, हाही विचार होता. सुटी मिळाली, पण त्या सुटीत जायचे कोठे आणि कोणत्या खर्चाने, हा प्रश्न राहिला. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीचे सरकार आले. त्याने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला आणि तेवढ्यावर ते थांबले नाही. लिओ लाग्रांज या तरुण समाजवादी उपमंत्र्याने रेल्वे कंपन्यांकडून कामगारांच्या वार्षिक सुटीसाठी ४० टक्के सवलतीचे तिकीट मिळवले. कारखान्याच्या भिंतीपलीकडे कधी न गेलेल्या लाखो कुटुंबांनी त्या तिकिटावर आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. उजव्या वर्तमानपत्रांनी त्यांची टिंगल केली, किनारे घाण होतील अशी ओरड केली. टिंगल विरली, तिकीट मात्र तिथल्या कामगारांच्या आठवणीत राहिले. आपल्याकडेही सेवा दलाच्या शाखांनी मुलांना गडकोट दाखवले ते काही चैन म्हणून नव्हे. तेव्हा घाटाच्या सहलीला नाके मुरडण्याचे कारण नाही. कारण आहे ते, घाट कोणी बांधला, कोण राखतो आणि खिडकी कोणाला मिळते, हे विचारण्याचे.

बोरघाटाची हकिगत रेल्वेच्या गौरवग्रंथांत अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून येते आणि तो चमत्कार होताही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली. पण मुंबईच्या बंदराला खरी ओढ होती ती घाटमाथ्यावरच्या कापसाची. सह्याद्री चढल्याशिवाय त्या व्यापारात राम नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी चढणीचा मार्ग आखला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, कित्येक ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट असा चढ, २५ बोगदे, ८ मोठे पूल. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. खाली खोपोलीपर्यंत आणि वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले होते. जून १८५८ मध्ये खंडाळा–पुणे गाडी चालूही झाली. मधला घाट मात्र प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. पालखी कोणाच्या खांद्यावर होती, हे सांगायला नको.

घाटात बोगद्यांसाठी काळा पाषाण फोडायचा होता आणि तो फोडायला हात आणि सुरुंगाची दारू यांपलीकडे फारसे काही नव्हते. कड्याच्या माथ्यावरून दोर सोडून माणसे खाली उतरवली जात. ती लोंबकळत पहारीने भोके पाडीत, दारू ठासीत आणि वात पेटवून दोराने वर येत. सगळेच वर येत असे नाही. १८६१ मध्ये या एका घाटात एकाच वेळी ४२ हजार माणसे राबत होती. त्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. दख्खनच्या आणि कोकणच्या गावांतून दुष्काळाने, सावकाराने हुसकलेली कुटुंबेच्या कुटुंबे उन्हाळ्यात येत आणि पावसाळ्यात परत जात. पिण्याचे पाणी नाही, निवारा पाल्यापाचोळ्याचा. पटकी आली की तळच्या तळ ओस पडे. या आठ वर्षांत घाटाने किती बळी घेतले याची नोंद कंपनीने ठेवली नाही. कंत्राटाच्या हिशेबात मजुराच्या मृत्यूला रकाना नव्हता. अभ्यासकांचा अंदाज पंचवीस हजारांच्या आसपास जातो. मैलांनी भागले तर रुळाच्या प्रत्येक मैलाखाली दीड हजाराहून अधिक माणसे येतात.

ती माणसे मुकाट्याने मेली असे मात्र नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली, तेव्हा घाटातले मजूर काठ्या-दगड घेऊन गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. १८५७ च्या उठावाची धग अजून विझली नव्हती, त्यामुळे सरकार हादरले. चौकशी झाली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल त्याच वर्षी काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडहून आला आणि महिन्याच्या आत आजाराने मरण पावला. त्याच्या विधवेने, अॅलिस ट्रेडवेल या बाईने, दोन अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपवून कंत्राट तडीस नेले. तिचे नाव हल्ली कौतुकाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ४२ हजारांपैकी एकाही मजुराचे नाव त्या कौतुकात नसते. दंगलीनंतरच्याच वर्षी, १८६० मध्ये, सरकारने मालक-मजूर तंट्यांचा कायदा केला. रेल्वे, कालवे अशा कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवावेत ही त्याची एक बाजू. करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करावी, ही दुसरी. हिंदुस्थानातल्या कामगारविषयक कायद्यांच्या अगदी पहिल्या ओळींत हा कायदा येतो आणि त्याच्या पार्श्वभूमीला रेल्वेच्या कामांवरचे असे तंटे होते. खंडाळ्याच्या धुक्याकडे पाहताना एवढे आठवायला हरकत नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला, भाषणे झाली. चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, त्यातला एक मोठा पूल कोसळला. चौकशीत बांधकामातला कच्चेपणा पुढे आला. कंत्राटातला नफा आणि चुन्यातली वाळू यांचे नाते तेव्हाही आजच्यासारखेच होते.

लोकांनी या घाटाचा इतिहास आपल्या पद्धतीने जपला आहे. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. सांगतात असे की, इंग्रज साहेबांना डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने त्यांना आपल्या मेंढरांची वाट दाखवली. साहेबाने बक्षीस विचारले, तर तो म्हणाला, आमचे स्वातंत्र्य द्या. त्याला गोळी घातली गेली. कागदोपत्री याला आधार शोधू गेल्यास हाती फार लागणार नाही. परंतु आजही ट्रकवाले त्या देवळापाशी गाडी हळू करतात आणि नाणे टाकून पुढे जातात. पंचवीस हजार अनामिकांना एक चेहरा देण्याचे काम दंतकथेने केले आहे आणि कंपनीच्या अहवालापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे.

पुढे १९२९ मध्ये घाटातली वळणे बदलली. खंडाळ्याजवळचे ते प्रसिद्ध उलट-स्टेशन, जिथे गाडीचे तोंड फिरवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे, ते गेले. विजेची इंजिने आली आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावली. पुणेकरांचे या गाडीवरचे प्रेम सर्वश्रुत आहे. दर १ जूनला तिचा वाढदिवस साजरा होतो, केक कापला जातो. पण ही राणी जन्मली कोणासाठी? आरंभी तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. शनिवार-रविवारी घोड्यांच्या शर्यतींना पुण्यास येणारे मुंबईचे शौकीन हे तिचे पहिले गिऱ्हाईक. तिसऱ्या वर्गाचा प्रवासी तिच्यात चढू शकला तो जून १९५५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, आणि स्वातंत्र्यानंतर तब्बल आठ वर्षांनी. वाढदिवसाच्या भाषणांत ही तारीखही यायला हवी. गाडीचा खरा वाढदिवस तोच म्हणता येईल.

रेल्वेतल्या वर्गांचा हा प्रश्न समाजवाद्यांना नवा नाही. मे १९७४ च्या संपात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार वीस दिवस उभे राहिले. हजारोंना तुरुंग घडला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी संपात बडतर्फ झालेल्यांना परत घेतले. भौतिकशास्त्राच्या या प्राध्यापकाने त्यानंतर जे केले ते वरकरणी अगदी किरकोळ वाटते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसवायला लावला. तिसऱ्या वर्गाची पाटी १९७४ मध्येच पुसली गेली होती, पण पाटी बदलली तरी बाक लाकडाचाच होता. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर उचलायचा, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. ती सबंध गाडी दुसऱ्या वर्गाची होती, तिच्यात वरचा वर्ग नव्हताच. पुढे तिलाही वातानुकूलित डबे लागले आणि ती इतर गाड्यांसारखी झाली. तरी दीड-दोन हजार किलोमीटर धावणारी गाडी वर्गाशिवाय चालू शकते, हे एकदा सिद्ध झाले होते. कोट्यवधी माणसे रोज ज्या बाकावर झोपतात तो मऊ करणे ही क्रांती नव्हे, असे त्या वेळी काही डाव्या मित्रांनी हिणवले. असे हिणवणाऱ्यांनी रात्रभर लाकडी बाकावर बसून कोल्हापूर गाठलेले नसावे.

त्या दोन इंचांच्या पार्श्वभूमीवर काचेच्या डब्याकडे पाहिले पाहिजे. रेल्वेचा युक्तिवाद असा की, या डब्याचे उत्पन्न चांगले आहे, तो बहुधा भरलेला असतो आणि त्याच्या पैशातून साध्या प्रवाशाचे तिकीट स्वस्त ठेवता येते. युक्तिवाद सरसकट फेटाळण्याजोगा नाही. ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून जास्त घ्यावे, याला समाजवादी विरोध कसा करणार? प्रश्न तो पैसा खाली झिरपतो की नाही, हा आहे. मार्च २०२० मध्ये साथीचे निमित्त करून ज्येष्ठ नागरिकांची तिकीट-सवलत काढून घेतली. साथ ओसरली, गाड्या भरभरून धावू लागल्या, काचेचे डबे लागले, तरी ती सवलत पुढे वर्षानुवर्षे परत मिळाली नाही. नातवाला घेऊन एकदा घाट दाखवावा असे म्हणणाऱ्या निवृत्त गिरणी कामगाराला पूर्ण भाडे. पुणे–लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि मावळातली गावे जोडली गेली. त्या मार्गावर दुपारच्या लोकलसाठी, जादा रुळांसाठी कामगारांनी वर्षानुवर्षे निवेदने दिली. काचेचा डबा जोडण्यासाठी कोणी निवेदन दिल्याचे ऐकिवात नाही.

शिवाय एक साधी गोष्ट. घाट पाहायला काचेचे छत लागत नाही. दुसऱ्या वर्गाची धुतलेली, उघडझाप करणारी खिडकी पुरते. कित्येक पासधारकांनी आयुष्यभर तिथूनच पाऊस पाहिला आहे, आणि अंगावर घेतलाही आहे. हे सुख मात्र वातानुकूलित डब्यात मिळत नाही.

आता घाट राखणाऱ्यांकडे वळू. कर्जतला गाडी थांबते, फलाटावर वडेवाल्यांची हाक उठते आणि मागे धक्का द्यायला जादा इंजिने लागतात. रेल्वेच्या भाषेत ती बँकर. उतरणीवर गाड्यांना मध्ये थांबवून ब्रेक तपासले जातात. ब्रेक हाताबाहेर गेलेली गाडी वळवून चढावर अडवता यावी म्हणून खास फाटे काढलेले आहेत. मंकी हिल, नागनाथ, ठाकुरवाडी, जामरुंग ही नावे प्रवाशाला खिडकीतून पुसट दिसतात. तिथल्या केबिनांत पावसाळ्याच्या रात्री माणसे जागी असतात. कड्यावर दोराने चढून सैल झालेले दगड शोधणारी आणि ते पाडून टाकणारी एक टोळी असते. घाटातले लोक तिला हिल गँग म्हणतात. दोर तोच, कडा तोच. १८५६ ते आज यांत बदलले ते पगाराचे पत्रक, आणि तेही सर्वांच्या बाबतीत नव्हे, कारण बरेच काम आता कंत्राटाने होते. २०१९ च्या पावसात मंकी हिल ते कर्जत या पट्ट्यात दरडी कोसळून रुळांखालची माती वाहून गेली आणि कित्येक महिने वाहतूक विस्कळीत राहिली. गाड्या रद्द झाल्याच्या बातम्या रोज छापून आल्या. तो उतार पुन्हा बांधणाऱ्यांची बातमी क्वचितच आली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्ये रेल्वेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला. त्यात सुमारे चार वर्षांत कामावर असताना जवळजवळ १,६०० रेल्वे कर्मचारी मरण पावल्याचे नमूद आहे. त्याच काळातल्या रेल्वे अपघातांत बळी पडलेल्यांच्या संख्येपेक्षा ही संख्या मोठी होती. प्रवासी मेला की चौकशी बसते, गँगमन मेला की वारसाचा अर्ज येतो.

घाटातल्या सहलींचा विचार माथेरानच्या गाडीवाचून पुरा होत नाही. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची ही एकवीस किलोमीटरची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. दार्जिलिंग १९९९ मध्ये, निलगिरी २००५ मध्ये आणि कालका–शिमला २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. माथेरानची गाडी अजून त्या यादीच्या उंबरठ्यावर आहे. २०१६ मध्ये लागोपाठ डबे घसरल्याने ती बंद झाली, नंतर रडतखडत चालली, २०१९ च्या पावसाने पुन्हा मोडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून पुन्हा निघाली. तिच्यासाठी निधी मिळाला याचा आनंदच आहे. पण विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी, शकुंतला म्हणून लोकांनी नावाजलेली अरुंद रुळांची गाडी मागच्या दशकात बंद पडली. तिच्या खिडकीतून धबधबे दिसत नव्हते. दिसत होती ती कापसाची वावरे, आणि आत बसलेली होती एसटीचे भाडे न परवडणारी माणसे. तिच्यासाठी लोकांनी वारंवार मागणी केली. वारसा म्हणजे काय, हे ठरवताना प्रवाशाच्या गळ्यात कॅमेरा आहे की डोक्यावर गाठोडे, याचा विचार नकळत होत असतो.

माथेरानला मोटारींना बंदी आहे. हवा स्वच्छ राहते, सर्वजण वाखाणतात. मात्र दस्तुरी नाक्यावर मोटार सोडून पुढे निघालेल्या पाहुण्याला माणसाने ओढलेली रिक्षा मिळत असे. लाल मातीच्या चढावर एक माणूस पुढे ओढतो आहे, दोघे मागून ढकलताहेत आणि आत बसलेला शुद्ध हवा घेतो आहे. हे दृश्य स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे टिकले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा माणुसकीला काळिमा फासणारी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरच्या रिक्षा मिळाव्यात असे सुचवले. निकाल स्वागतार्ह आहे. पण विजेच्या रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती जातात की कंत्राटदाराच्या, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचे काम न्यायालय करणार नाही, ते कार्यकर्त्यांनाच करावे लागेल. माथेरान हे भाई कोतवालांचे गाव. नाभिक कुटुंबात जन्मलेला हा वकील इथल्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष होता. १९४२ मध्ये त्याने आणि त्याच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून कारखाने आणि रेल्वे यांना जेरीस आणले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर त्याला वीरमरण आले. त्याच्या गावात माणसाने माणूस ओढणे चालू राहावे, हे आपल्या सर्वांनाच लाजिरवाणे होते.

वीज म्हटली की मुळशीही आठवते. मुंबईच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडणार, हे १९२१ मध्ये मावळ्यांच्या ध्यानात आले तेव्हा सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. १९२४ च्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी धरणाच्या कामावरची आगगाडी रुळांवर दगड टाकून अडवली आणि त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. आज पुण्याहून पावसाळी सहलीला जाणारे त्याच जलाशयाच्या काठी भजी खातात. भजी खाऊ नयेत असे कोण म्हणेल? मात्र ज्याला डोंगरातली शोभा म्हणतात, त्यात कोणाचे तरी बुडालेले शिवार असते. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी वसलेली ठाकरांची इर्शाळवाडी रात्रीच्या पावसात दरडीखाली गेली. २७ देह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. बोरघाटाच्या शेजारचाच हा डोंगर. त्या आधी २०१४ च्या जुलैत माळीण गेले होते. घाटातल्या वाड्यांना रस्ता नाही, दवाखाना नाही. पर्यटनाच्या नकाशावर मात्र त्यांच्या डोक्यावरचा सुळका ठळक असतो.

गरिबाला सहल नको असते, हे म्हणणे शेवटी लोकांनीच खोटे पाडले आहे. चैत्रात मुंबई-रायगडचे कोळी एकवीरेच्या दर्शनाला निघतात तेव्हा मळवलीचे स्टेशन माणसांनी फुलते. बायकांच्या गाण्यांनी डबा दणाणतो आणि बोगदा आला की पोरे आरोळ्या ठोकतात. सोमवतीला जेजुरीकडे जाणाऱ्या गाड्या शिंदवणे घाट चढताना भंडाऱ्याने पिवळ्या होतात. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या डब्यांतून वारकऱ्यांच्या पिढ्या पंढरपूरला गेल्या. देव हे निमित्त असते आणि निमित्त खोटेही नसते. पण वर्षातून एकदा घर, रान, यंत्र मागे टाकून डोंगर ओलांडण्याची ओढ त्यात असते, हे त्या डब्यात एकदा बसले की कळते. या यात्रांना कोणी पर्यटन म्हणत नाही, म्हणून त्यांना जादा डबेही मिळत नाहीत.

मग मागायचे काय? काचेचा डबा काढा, असे मागायचे नाही. तो राहू द्यावा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर रविवारी पुण्याहून कर्जतपर्यंत आणि परत अशी सर्वस्वी अनारक्षित, दुसऱ्या वर्गाच्या भाड्याची गाडी सोडावी आणि तिच्या खिडक्या धुतलेल्या असाव्यात. नोंदणी असो वा नसो, कामगारांच्या कुटुंबाला वर्षातून एकदा सवलतीचे सुटीचे तिकीट मिळावे. घरकामगार, कचरावेचक, हमाल आणि बांधकाम मजूर यांना ते आधी मिळावे. ज्येष्ठांची सवलत पूर्ववत व्हावी. खंडाळ्याच्या फलाटावर मराठीत एक मोठा फलक लागावा आणि त्यावर १८५६ ते १८६३ या वर्षांत या घाटात राबलेल्यांची आणि मेलेल्यांची हकिगत यावी, १८५९ च्या मजुरांच्या उठावासकट. हिल गँग आणि गँगमन यांचे काम कंत्राटातून काढून कायम करावे, ही मागणी रेल्वे कामगार संघटनांची आहे. ती सहलीच्या मागणीच्या वरच ठेवावी लागेल, कारण दोर तुटला तर खिडकीचा प्रश्नच उरत नाही.

निवेदन देण्यापूर्वी मात्र एक काम करावे. श्रावणातल्या पहिल्या रविवारी पिंपरी, कासारवाडी आणि दापोडीच्या वस्त्यांतून पन्नास-साठ कुटुंबांनी साधी तिकिटे काढून लोणावळा लोकलने निघावे आणि पुढे मिळेल त्या गाडीच्या सर्वसाधारण डब्यातून घाट उतरून कर्जतला जावे. किती जणांना बसायला मिळाले, किती जणांना खिडकी मिळाली, किती मुलांनी धबधबा पाहिला आणि किती जण दारात उभे राहिले, हे एका वहीत लिहावे. परतीच्या गाडीची वाट पाहताना वडे खावेत. सोमवारी ती वही घेऊन पुणे विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकांच्या कचेरीत जावे.